सहीचा अधिकार

२०२२च्या नोव्हेंबरातल्या एका रविवारी मी टोरांटोच्या स्कारबरो भागात, श्रीलंकेच्या उत्तरेकडील जाफन्यातील एका शाळेच्या माजी विद्यार्थी संघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला बसले होते. मी तमिळ नाही आणि त्या शाळेशी माझा काहीही संबंध नाही. मी हिशेबनीस आहे, आणि आमच्या शेजारी राहणारे काका त्या संघाचे सचिव असल्यामुळे त्यांच्या शब्दाखातर संघाची हिशेबाची पुस्तके दरवर्षी तपासून देत आले आहे. सभेला चाळीसेक सभासद होते आणि त्यांतले सर्वांत तरुण सभासद अठ्ठावन्न वर्षांचे होते. विषयपत्रिकेवरचा पाचवा विषय ‘इळैयोर’ असा होता. तमिळमध्ये याचा अर्थ तरुण मंडळी. तरुण आपल्या कार्यक्रमांना का येत नाहीत, आले तर टिकत का नाहीत, आणि आपल्यानंतर हा संघ कोण चालवणार, यावर पाऊण तास बोलणे झाले. बोलणाऱ्यांच्या आवाजात खरी काळजी होती.

त्याच वेळी दाराबाहेर चार शाळकरी मुले जेवणाच्या टेबलांवर कागद अंथरत होती. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात शालेय शिक्षणाची पदविका मिळवायची तर प्रत्येक विद्यार्थ्याला ४० तास समाजोपयोगी काम करावे लागते, आणि ते केल्याचा दाखला म्हणून संबंधित संस्थेच्या माणसाची सही घ्यावी लागते. त्या सहीसाठी ही मुले आली होती. मी पाणी प्यायला बाहेर गेले तेव्हा त्यांतल्या एका मुलीने मला विचारले की आत एवढा वेळ काय चालले आहे. तुमच्याविषयीच बोलणे चालले आहे, असे मी तिला सांगितले. ती किंचित हसली आणि पुढच्या टेबलाकडे वळली. सभा संपल्यावर मुलांनी खुर्च्या रचल्या, काकांनी त्यांच्या कागदांवर सह्या केल्या आणि मुले निघून गेली. त्यांना आत बोलावून दोन प्रश्न विचारावेत असे कुणालाही सुचले नाही, आणि मला वाईट याचे वाटते की तेव्हा ते मलाही सुचले नाही.

या संस्थांविषयी लिहिण्याआधी त्या कशा उभ्या राहिल्या हे सांगायला हवे, कारण ते ठाऊक नसताना त्यांच्या पदाधिकाऱ्यांवर टीका करणे अन्यायाचे होईल. जुलै १९८३मध्ये श्रीलंकेत तमिळांविरुद्ध भीषण हिंसाचार झाला आणि त्यानंतर हजारो कुटुंबे देश सोडून निघाली. कॅनडाने त्यांच्यासाठी दार उघडले. ऑगस्ट १९८६मध्ये न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याजवळ दोन उघड्या जीवरक्षक नौकांमध्ये भरकटत असलेल्या १५५ तमिळांना स्थानिक मच्छीमारांनी वाचवले, ती घटना येथील तमिळ घरांमध्ये आजही सांगितली जाते. ही माणसे टोरांटोत आली, बहुतेक जण स्कारबरोच्या उंच इमारतींमध्ये राहिली, आणि हाती थोडे पैसे येताच त्यांनी दोन प्रकारच्या संस्था काढल्या. एक प्रकार गावाच्या संघांचा, ज्यांना ती ‘ऊर्’ म्हणजे गाव या शब्दावरून ओळखतात. दुसरा प्रकार शाळांच्या माजी विद्यार्थ्यांचा. जाफना हिंदू कॉलेज, पॉइंट पेड्रोचे हार्टली कॉलेज, मुलींची वेंबडी आणि चुंडिकुळी ही नावे जाफन्यातील माणूस ज्या स्वरात उच्चारतो, तो स्वर एकदा ऐकला की या संघांचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. जाफन्यात शेतीला मोठ्या नद्यांचे पाणी नाही; तिथल्या मध्यमवर्गाची मिळकत म्हणजे शिक्षण, आणि शिक्षणातून मिळणारी नोकरी. १९८१मध्ये जाफन्याचे सार्वजनिक ग्रंथालय जाळले गेले तेव्हा सुमारे ९७,००० ग्रंथ आणि हस्तलिखिते नष्ट झाली; चार दशकांनंतरही काका त्या घटनेविषयी बोलताना वाक्य अर्धवट सोडतात. अशा समाजाने परदेशी येऊन आपल्या शाळेच्या नावाने संघ काढला, यात नवल नाही.

या संघांनी केलेले काम मी हिशेबाच्या वह्यांतून पाहिले आहे. शाळेच्या पडलेल्या भिंतीसाठी, प्रयोगशाळेतल्या उपकरणांसाठी, २००४च्या त्सुनामीनंतर नौकांसाठी, युद्ध संपल्यावर आईवडील गमावलेल्या मुलांच्या फीसाठी रकमा गेल्या आहेत. त्या रकमा देणाऱ्यांच्या नावापुढे जे आकडे आहेत, ते दोन-दोन नोकऱ्या करणाऱ्या माणसांचे आकडे आहेत.

आता मूळ अडचणीकडे येते. शाळेचा माजी विद्यार्थी होण्यासाठी त्या शाळेत शिकलेले असावे लागते. स्कारबरोत जन्मलेला मुलगा हार्टली कॉलेजात शिकलेला नसतो आणि पुढे कधी शिकणारही नाही. म्हणजे संघाच्या घटनेतील पहिल्याच कलमाने पुढच्या पिढीला सभासदत्व नाकारलेले आहे, आणि तरी दर नोव्हेंबरात ती पिढी का येत नाही असा प्रश्न विचारला जातो. मुलांच्या शाळेच्या संघात तर स्त्रियांनाही सभासद होता येत नाही; सभासदांच्या पत्नी वार्षिक भोजनाची सारी व्यवस्था करतात, पण ठरावावर त्यांचे मत नसते. मी ही गोष्ट काकांना पहिल्यांदा दाखवून दिली तेव्हा ते गप्प राहिले आणि नंतर म्हणाले, “हा नियम आम्ही कुणाला बाहेर ठेवण्यासाठी केला नव्हता, आम्ही एकमेकांना शोधण्यासाठी केला होता.” ते अगदी खरे आहे.

हे सगळे मला इतके लवकर दिसले याचे कारण माझ्या वडिलांची पत्र्याची ट्रंक. आमचे मूळ गाव संगमेश्वर तालुक्यातले. वडील लालबागला राहिले आणि आमच्या गावच्या मुंबईतील ग्रामस्थ मंडळाचे सव्वीस वर्षे चिटणीस होते. कोकणातल्या चाकरमान्यांच्या अशा मंडळांविषयी मराठी वाचकांना मी काय सांगावे? वर्गणी गोळा करायची, गावच्या शाळेवर कौले चढवायची, देवळाचा जीर्णोद्धार करायचा, पाण्याच्या टाकीसाठी तालुक्याला खेटे घालायचे, शिमग्याला पालखीचा खर्च उचलायचा, आणि गावातून नव्याने आलेल्या पोराला नोकरी लागेपर्यंत गाववाल्यांच्या खोलीत पथारी टाकू द्यायची. वडिलांच्या ट्रंकेत पावतीपुस्तके, शिक्का, इतिवृत्ताच्या वह्या आणि बँकेचे चेकबुक असे. ते २०११मध्ये गेले. त्यांच्याबरोबर सही करणारे खजिनदार आदल्या वर्षीच गेले होते. खात्यातले पैसे काढण्याचा अधिकार असलेला एकही माणूस उरला नव्हता, आणि गावच्या पाणी योजनेसाठी साठवलेली रक्कम जवळपास तीन वर्षे तशीच अडकून पडली. मंडळात मुंबईत जन्मलेल्या मुलांना सभासद होता येत असे, कारण गाव बापाकडून मिळते. मात्र मुलींना होता येत नसे, कारण लग्नानंतर मुलीचे गाव बदलते असे मानले जाई. वडिलांच्या वह्या मी कॉलेजात असल्यापासून लिहीत होते. बेरजा माझ्या, अक्षर माझे, आणि सही त्यांची. त्यांनी मला कधी सभेला नेले नाही, आणि त्यांच्या मनात मला दुखवण्याचा विचारही नव्हता हे मला ठाऊक आहे.

म्हणून तरुणांना आस्था नाही, हे विधान मी मान्य करत नाही, आणि टोरांटोतील तमिळांच्या बाबतीत तर ते सरळसरळ चुकीचे आहे. १९९०च्या दशकात स्कारबरोत तमिळ तरुणांच्या टोळ्यांमध्ये मारामाऱ्या आणि गोळीबार होऊ लागले, काही मुले जिवानिशी गेली, आणि वर्तमानपत्रांतून सगळ्या समाजावरच ठपका येऊ लागला. तेव्हा विशी-पंचविशीतल्या तमिळ मुलामुलींनीच पुढे होऊन कॅनेडियन तमिळ यूथ डेव्हलपमेंट सेंटर ही संस्था उभी केली. शाळा सोडू पाहणाऱ्या मुलांना गाठणे, त्यांचा अभ्यास घेणे, त्यांच्याशी आणि त्यांच्या पालकांशी बोलणे, असे ते काम होते. या संस्थेचे अध्यक्षपद सांभाळलेले गॅरी आनंदसंगरी पुढे वकील झाले आणि २०१५मध्ये खासदार म्हणून निवडून आले. जानेवारी महिना तमिळ वारशाचा महिना म्हणून पाळण्याचा त्यांनी मांडलेला ठराव कॅनडाच्या संसदेने २०१६मध्ये मंजूर केला. त्यांच्या आयुष्याचा हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. ज्या संस्थेत पंचविशीतल्या माणसाला अध्यक्ष होता येत होते, त्या संस्थेतून पुढचा नेता आला.

२००९ची गोष्ट याहून मोठी आहे आणि मी ती डोळ्यांनी पाहिली आहे. एप्रिल २००६मध्ये कॅनडाने श्रीलंकेत स्वतंत्र तमिळ राज्यासाठी लढणाऱ्या एलटीटीई या सशस्त्र संघटनेला दहशतवादी संघटनांच्या यादीत घातले आणि जून २००८मध्ये वर्ल्ड तमिळ मूव्हमेंट या येथील संघटनेलाही त्याच यादीत घातले. या दोन निर्णयांविषयी कुणाचे काहीही मत असो, त्यांचा एक परिणाम निश्चित झाला: वर्षानुवर्षे समाजाला रस्त्यावर आणणारी, निधी गोळा करणारी वडीलधाऱ्यांची व्यवस्था गोठली. आणि नेमक्या त्याच सुमारास उत्तर श्रीलंकेतल्या वन्नी भागात लाखो माणसे युद्धाच्या कोंडीत सापडली. जानेवारी २००९मध्ये टोरांटोच्या मध्यभागी थंडीत हजारो तमिळांनी मानवी साखळी केली. एप्रिलमध्ये ओटावात संसदेसमोर आणि टोरांटोत अमेरिकन वाणिज्य दूतावासासमोर दिवसेंदिवस धरणे चालले. रविवार, १० मे रोजी आंदोलकांनी गार्डिनर एक्स्प्रेसवे हा शहराचा मुख्य महामार्ग अडवला, आणि तो काही तास बंद राहिला. या सगळ्याच्या अग्रभागी विद्यापीठांतली तमिळ मुले होती. पोलिसांशी बोलणी तीच करत होती, पत्रकारांना तीच उत्तरे देत होती, आणि रात्री आजीआजोबांना घरी पोचवण्यासाठी गाड्यांची व्यवस्थाही तीच करत होती. महामार्ग अडवण्याच्या निर्णयावर तेव्हाही वाद झाला आणि आजही होतो; लहान मुले सोबत असताना तसे करणे मला स्वतःला योग्य वाटले नव्हते. परंतु त्या मुलांना नेतृत्व कसे करायचे हे कुणी शिकवावे लागले नव्हते, एवढे मला त्या चार महिन्यांत दिसले. मे महिन्यात युद्ध संपले, ज्यांच्यासाठी ती धावत होती ती माणसे वाचली नाहीत, आणि माझ्या कार्यालयातली एक तमिळ सहकारी, जी रोज संध्याकाळी थेट धरण्याला जात असे, त्यानंतर कित्येक महिने कुणाशी नीट बोलली नाही.

दोन वर्षांनी, मे २०११मध्ये, वयाची तिशीही न गाठलेल्या राधिका सित्सबईसन स्कारबरो-रूज रिव्हरमधून निवडून आल्या आणि कॅनडाच्या संसदेतल्या पहिल्या तमिळ सदस्य झाल्या. २००९ची इतर मुले वकिलीत, पत्रकारितेत, शाळांमध्ये, नाटकांत, राजकीय पक्षांत गेली. त्यांपैकी फार थोडी जुन्या संघांमध्ये आली. माझ्या त्या सहकारी मैत्रिणीला मी कारण विचारले तेव्हा तिने एका सभेची हकिगत सांगितली. युद्धानंतर मदतकार्याची एक योजना घेऊन ती वडिलांच्या गावच्या संघाकडे गेली होती. सगळ्यांनी तिचे कौतुक केले, तिला ‘पोन्नाडै’ पांघरली. (आपल्याकडची शाल-श्रीफळातली शाल, तसे हे सन्मानाचे वस्त्र.) मग योजनेचा कागद समितीकडे सोपवण्यात आला आणि पुढे त्याचे काय झाले हे तिला कधीच कळले नाही. तमिळ घरांत धाकट्या भावाला ‘तंबी’ आणि धाकट्या बहिणीला ‘तंगच्ची’ म्हणतात, आणि सभेतही वयाने लहान असलेल्याला याच हाका मारल्या जातात. हाक मायेची आहे, यात शंका नाही. परंतु रुग्णालयात एका विभागाची प्रमुख असलेली बेचाळीस वर्षांची डॉक्टर संघात आली की पुन्हा तंगच्ची होते, आणि तंगच्चीने चेकवर सही करायची नसते.

याच जाफन्यात पूर्वी वेगळे घडले होते, म्हणून मला अधिक हळहळ वाटते. १९२४मध्ये हँडी पेरिनबनायगम यांनी, वयाच्या पंचविशीत, तिथल्या तरुणांना घेऊन एक विद्यार्थी काँग्रेस स्थापन केली. पुढे ती जाफना यूथ काँग्रेस म्हणून ओळखली गेली. जातिभेद आणि हुंडा यांना त्या तरुणांनी उघड विरोध केला. १९२७मध्ये गांधीजी जाफन्याला आले ते त्यांच्याच निमंत्रणावरून, आणि १९३१मध्ये या तरुणांनी केलेल्या आवाहनामुळे जाफन्यातील मतदारसंघांत निवडणुकीवर बहिष्कार पडला. काकांच्या शाळेतले जुने शिक्षक या चळवळीच्या आठवणी सांगत असत. संघाच्या स्मरणिकांमध्ये त्या काळाचे गौरवपर लेख छापले जातात, आणि ते लेख लिहिणारे पंच्याहत्तरीच्या पुढचे असतात.

दारे फार काळ बंद राहिली की काय होते हे पाहायचे तर मलेशियाकडे पाहावे. १९४६मध्ये स्थापन झालेली मलेशियन इंडियन काँग्रेस हा तिथल्या भारतीयांचा, म्हणजे मुख्यतः तमिळांचा, सत्तेतला पक्ष. एस. सामी वेलू १९७९ ते २०१० अशी एकतीस वर्षे तिचे अध्यक्ष होते. त्यांची कर्तबगारी नाकारण्याचे कारण नाही. परंतु मळ्यांतून उखडून शहरांच्या कडेला येऊन पडलेल्या कुटुंबांतील तरुणांना पक्षात स्वतःचा आवाज सापडला नाही, आणि नोव्हेंबर २००७मध्ये तिथल्या हिंदूंच्या हक्कांसाठी उभ्या राहिलेल्या हिंड्राफ या संघटनेच्या हाकेसरशी हजारो माणसे क्वालालंपूरच्या रस्त्यावर आली तेव्हा पक्ष त्यांच्या पुढे नव्हता. मार्च २००८च्या निवडणुकीत पक्षाने लढवलेल्या नऊ जागांपैकी तीनच आल्या, आणि सामी वेलू स्वतः १९७४पासून राखलेल्या सुंगई सिपुतमध्ये पराभूत झाले.

पदे सोडवत नाहीत यामागे केवळ सत्तेचा मोह आहे असे पुष्कळदा म्हटले जाते. मी काकांना पंधरा वर्षे ओळखते, आणि मला ते स्पष्टीकरण अपुरे वाटते. काका जाफन्यात गणिताचे शिक्षक होते. रस्त्याने जाताना सायकलवरून उतरून लोक त्यांना नमस्कार करत. टोरांटोत आल्यावर त्यांनी मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात एकोणीस वर्षे रात्रपाळी केली, आणि तिथला पर्यवेक्षक त्यांचे नाव उच्चारता येत नाही म्हणून त्यांना त्यांच्या यंत्राच्या क्रमांकाने हाक मारी. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, या शहरात एक खोली अशी होती जिथे ते ‘सेयलाळर’ म्हणजे सचिव होते, जिथे त्यांचे नाव पूर्ण उच्चारले जाई आणि त्यांचे अक्षर सुंदर आहे हे सगळ्यांना माहीत होते. असे पद माणसाने सहज सोडावे अशी अपेक्षा करणाऱ्याने आधी त्या रात्रपाळीचा विचार करावा. तरुणांच्या बाजूने बोलणाऱ्या आमच्यासारख्यांनी वयाची मर्यादा, मुदतीची मर्यादा असे शब्द फार सहज वापरले, आणि ज्याला ते लागू होणार त्याला त्याच्या मोबदल्यात काय देणार याचा विचार केला नाही.

भाषेचा प्रश्नही याच ठिकाणी येतो. संघाचे इतिवृत्त तमिळमध्ये लिहिले जाते. इथे वाढलेल्या बऱ्याच मुलांना तमिळ बोलता येते, समजते, पण ती वेगाने वाचता येत नाही; शाळा मंडळांच्या शनिवारच्या वर्गांत शिकलेली लिपी विद्यापीठात जाईपर्यंत पुसट होते. इतिवृत्त इंग्रजीत केले तर वडीलधाऱ्यांना वाटते की आपण शेवटची गोष्टही हातची घालवली. मराठी मंडळांतही हाच वाद मी वर्षानुवर्षे ऐकते आहे. उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांची शिखर संस्था असलेले बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१मध्ये शिकागोत स्थापन झाले आणि १९८४मध्ये त्याचे पहिले अधिवेशन तिथेच भरले. त्या वेळच्या कार्यकर्त्यांची नातवंडे आज कमावती आहेत, आणि मी ज्या स्थानिक मंडळात काम करत होते तिथे निवेदन मराठीतच हवे की नाही यावर दोन सभा भांडणात गेल्या. माझे मत असे आहे की कार्यक्रम मूळ भाषेत व्हावा आणि कारभार दोन्ही भाषांत. याला वेळ लागतो, कष्ट दुप्पट होतात, आणि ते कष्ट घेण्यावाचून दुसरा मार्ग मला दिसत नाही.

आमच्या शेजारच्या संघात बदल झाला तो एका कायद्यामुळे. ऑन्टारिओचा नफारहित संस्थांविषयीचा नवा कायदा १९ ऑक्टोबर २०२१ रोजी अमलात आला आणि जुन्या संस्थांना आपली घटना त्याच्याशी जुळवून घेण्यासाठी तीन वर्षांची मुदत मिळाली. या कायद्यानुसार संचालकाची एका वेळची मुदत चार वर्षांपेक्षा जास्त असू शकत नाही. किती वेळा निवडून यावे यावर मात्र बंधन नाही, ते संस्थेने ठरवायचे. अठरा वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती संचालक होऊ शकते. घटना उघडून बसावेच लागणार होते, म्हणून मी काकांना म्हटले की बसतोच आहोत तर पहिले कलमही वाचू. २०२३च्या हिवाळ्यात आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात सात-आठ रविवार बसलो. काका, संघाचे दोन जुने पदाधिकारी, माझी ती सहकारी मैत्रीण आणि मी. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या मुलानातवंडांना, सुनाजावयांना आणि शाळेच्या कामात आस्था असलेल्या कुणालाही सभासद होता यावे, हा बदल सर्वांत सोपा ठरला. सलग दोन मुदतींनंतर एक मुदत विश्रांती, यावर बराच वाद झाला. आणि सर्वांत कठीण गेले ते माझे कलम: चेकवरच्या दोन सह्यांपैकी एक पस्तीस वर्षांखालील संचालकाची असावी, आणि ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च त्या संचालकांनी समितीला न विचारता करावा. एक पदाधिकारी म्हणाले की मुले चुका करतील. मी त्यांना आमच्या मंडळाचे अडकलेले खाते आणि वडिलांची ट्रंक यांविषयी सांगितले. घटना २०२४च्या उन्हाळ्यात मंजूर झाली, त्रेचाळीसपैकी एकतीस मतांनी.

मुलांनी चुका केल्या. पहिल्याच वर्षी त्यांनी वार्षिक भोजनाऐवजी एक क्रिकेट स्पर्धा आणि त्यानंतर संध्याकाळचा कार्यक्रम ठेवला, मैदानाचा विमा काढायचे विसरले आणि अंदाजापेक्षा बराच जास्त खर्च झाला. दोन ज्येष्ठ सभासदांनी त्यावरून संघ सोडला आणि ते अजून परत आलेले नाहीत. त्यांतल्या एकांनी १९८९मध्ये स्वतःच्या घराच्या तळघरात संघाची पहिली सभा घेतली होती, आणि त्यांचे जाणे हा साधा तोटा नाही. दुसरीकडे, जाफन्यातल्या शाळेत मानसोपचाराचे प्रशिक्षण घेतलेला समुपदेशक नेमण्यासाठी निधी गोळा करावा, ही कल्पना या मुलांची. पूर्वी संघाने भिंती आणि प्रयोगशाळा दिल्या. युद्ध पाहिलेल्या पालकांच्या घरात वाढणाऱ्या मुलांना आणखी कशाची गरज असू शकते, हे मुलांना सुचले, कारण ती स्वतः तशाच घरांत वाढली आहेत.

संपूर्ण समाजाच्या पातळीवर गोष्टी इतक्या सरळ नाहीत. डिसेंबर २०२३मध्ये श्रीलंकेतले काही बौद्ध भिक्खू आणि परदेशस्थ तमिळांची ग्लोबल तमिळ फोरम ही संघटना यांनी मिळून श्रीलंकेतील समेटाविषयी ‘हिमालय जाहीरनामा’ प्रसिद्ध केला; कॅनेडियन तमिळ काँग्रेस या येथील संघटनेचा त्यात सहभाग होता, आणि त्यावरून टोरांटोतल्या तमिळांमध्ये फार कटू वाद झाला. आमच्या नावाने बोलण्याचा अधिकार तुम्हाला कुणी दिला, हा त्या वादातला सर्वांत मोठ्याने विचारलेला प्रश्न होता. मी बाहेरची आहे, त्या वादात बाजू घेणे माझे काम नाही. पण टोरांटो विद्यापीठात तमिळ अध्यासनासाठी जगभरातल्या देणगीदारांनी तीस लाख डॉलर जमवले, स्कारबरोच्या ईशान्य भागात तमिळ समाजकेंद्र उभारण्यासाठी २०२१मध्ये सरकारांनी कोट्यवधी डॉलरचे साहाय्य जाहीर केले. अशा वास्तू आणि अशा ठेवी पन्नास-पन्नास वर्षे सांभाळायच्या असतात, आणि त्या सांभाळणारी माणसे आज वीस-पंचवीस वर्षांची आहेत.

संघाची नवी खजिनदार सत्तावीस वर्षांची आहे. तिचे आजोबा त्या शाळेत शिकले होते. या सप्टेंबरात काकांनी तिच्याकडे शिक्का, बँकेची कागदपत्रे आणि एक जाड, कापडी बांधणीची वही सोपवली. वहीत १९८९पासूनच्या प्रत्येक सभासदाचे नाव, त्याचे गाव, शाळा सोडल्याचे वर्ष, इथला पत्ता आणि, जे गेले त्यांच्या नावापुढे, गेल्याची तारीख काकांच्या अक्षरात लिहिलेली आहे. सगळे तमिळमध्ये आहे आणि तिला ते अडखळत वाचता येते. म्हणून ती दर रविवारी दुपारी येते. काका एकेक नाव वाचतात, त्या माणसाविषयी त्यांना जे आठवते ते सांगतात, आणि ती दोन्ही भाषांत टंकलिखित करते. मागच्या रविवारी मी डबा द्यायला गेले तेव्हा ती दोघे १९९४पर्यंत पोचली होती. एका नावापाशी काका थांबले होते, चष्मा काढून पुसत होते, आणि ती हात कळफलकावर ठेवून वाट पाहत होती.